ठेव



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४५.

कंसवधाचा अध्याय काल झाला. तो सगळ्यांना आवडतो. आजचा अध्याय मात्र आपण बहुतेक वेळा घाईघाईत वाचतो, कारण यात युद्ध नाही, चमत्कार शेवटी थोडासा. कृष्ण-बळराम आईवडिलांना भेटतात, उग्रसेनाला गादीवर बसवतात आणि मग नंदबाबांकडे येतात, त्यांना निरोप द्यायला. मीही हा भाग आजवर असाच वाचला होता. या वेळी अडकलो. का अडकलो ते सांगायचं तर आधी घोलवड स्टेशनवरची एक संध्याकाळ सांगावी लागेल. ती सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

माझं ऑफिस मुंबईत, घर घोलवडला. चिकूच्या वाडीत. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, दोन दिवस प्रवास. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री साडेआठच्या सुमारास गाडीतून उतरलो. प्लॅटफॉर्म पाच मिनिटांत रिकामा झाला. बाकड्यावर एक मुलगा बसला होता, दहा-अकरा वर्षांचा. पायात दोन वेगवेगळ्या चपला, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. बरोबर कोणी नाही.

मी पुढे गेलो. हो, आधी पुढेच गेलो. स्टेशनच्या बाहेर येऊन बाईकला किल्ली लावेपर्यंत डोक्यात दोन विचार आले. पहिला: कोणीतरी बघेलच. दुसरा जास्त खरा होता: भीती. तुम्हाला आठवत असेल, २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्याच डहाणू तालुक्यात, गडचिंचले इथे, चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत या अफवेने भडकलेल्या जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला मारून टाकलं. तेव्हापासून आमच्या भागात अनोळखी मुलाचा हात धरताना माणूस आधी आजूबाजूला बघतो. मीही बघितलं.

मग परत गेलो. मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं. तो बोलला, पण ती भाषा मला कळेना. हिंदीचे तीन-चार शब्द येत होते त्याला. "गाडी", "भाई", "नहीं". बॅगेत घरचे चिकू होते, ते दिले. त्याने एक खाल्ला, दुसरा पिशवीत ठेवला. मी १०९८ लावला. तोवर चार लोक जमले. नंतर ज्यांनी यायचं ते आले, नीट वागले, त्याला पाणी दिलं, माहिती लिहून घ्यायला लागले.

नाव काय? त्याने सांगितलं. तीन अक्षरी काहीतरी. मधला आवाज आपल्याकडे नसतोच. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. मग जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "राजू लिहा ना, काय फरक पडतो." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण फोन मी केला होता. मी मान हलवली.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. फॉर्ममधलं एखादं फील्ड रिकामं चालत नाही, म्हणून आपण तिथे काहीतरी टेस्ट व्हॅल्यू टाकतो आणि पुढे सरकतो. नंतर बदलू म्हणतो. कोणी बदलत नाही.

घरी आलो. आईला सांगितलं, ती म्हणाली, "बरं केलंस रे." जेवलो, झोपलो. टिकेट क्लोज.

आता अध्यायाकडे येतो.

कृष्ण नंदबाबांना काय सांगतो? स्वतःच्या शब्दांत सांगतो, मूळ तुम्ही वाचाच. तो म्हणतो की ज्यांना पोरांचं पोषण आणि रक्षण करणं शक्य नाही अशा आप्तांनी ज्यांना सोडून दिलं, त्या लेकरांना जे पोटच्या मुलासारखं वाढवतात, तेच खरे बाप आणि तीच खरी आई.

थांबा, हे कोण बोलतंय बघा. ज्याचे जन्मदाते शेजारच्या वाड्यात आहेत, नुकतेच तुरुंगातून सुटलेत, तो हे बोलतोय. वसुदेव-देवकीला तो कमी लेखत नाही. त्यांना का सोडावं लागलं तेही त्याच वाक्यात आहे: शक्य नव्हतं. मुलाला एकटं पाठवणारे आईबाप निर्दयी असतात असं आपल्याला सहज वाटतं. भागवत तसं म्हणत नाही. मध्यरात्री यमुना ओलांडून बाळ दुसऱ्याच्या घरी ठेवणारा बाप हा जगातल्या कितीतरी बापांचा बाप आहे.

आणि लगेच पुढे काय होतं? नंदबाबांना गोकुळात परत जायला सांगितलं जातं. डोळ्यांत पाणी घेऊन ते जातात. "खरा बाप" ही पदवी आणि रिकामी बैलगाडी, दोन्ही एकाच प्रसंगात.

हे दोन्ही एकत्र कसं बसतं? मी बरेच दिवस यावर विचार केला. मला आपल्या भाषेतच एक शब्द सापडला: ठेव.

एकट्याने दारात आलेलं मूल ही ठेव असते. दान नव्हे. दान आपल्या मर्जीवर असतं, द्यायचं तर द्या. कर्जही नव्हे, त्याने ते फेडायचं नसतं. आणि मालकी तर नाहीच. ठेवीचे नियम आपल्या आज्यांना पाठ होते. कोणी विश्वासाने काही ठेवायला दिलं तर नाही म्हणायचं नाही. जसं दिलं तसं ठेवायचं. आणि योग्य माणसाच्या हातात परत द्यायचं. या तीन नियमांवर मी आजचा प्रश्न तपासून बघणार आहे: परक्या देशात, परक्या गावात, आईबापाविना पोचलेल्या मुलाचं आपण काय देणं लागतो?

पहिला नियम: नाही म्हणायचं नाही

आपल्या संतपरंपरेच्या मुळाशी चार अनाथ मुलं आहेत हे आपण विसरतो. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं असं परंपरा सांगते. मागे राहिलेल्या पोरांना आळंदीने काय सांगितलं? पैठणला जा, शुद्धिपत्र आणा. म्हणजे आधी कागद, मग आसरा. एक कागद आणायला ती लेकरं पायी पैठणला गेली. आज आपण माउलींच्या पालखीपुढे लोटांगण घालतो, पण कागद मागणारे त्या काळचे अगदी सभ्य, नियमाने चालणारे लोक होते. माझ्यासारखेच.

आता उलट उदाहरण. दुसऱ्या महायुद्धातलं आहे आणि आपल्या महाराष्ट्रातलं आहे.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केलं. पूर्वेकडच्या लाखो पोलिश लोकांना सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं गेलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा त्यांच्या सुटकेचा करार झाला. सुटले ते दक्षिणेकडे निघाले. वाटेत भूक, टायफॉइड, थंडी. कितीतरी मुलांचे आईबाप वाटेतच गेले. काहींचे वडील सैन्यात, आई आजारी, म्हणून तिनेच मुलाला अनाथालयाच्या गाडीत चढवलं. १९४२ मध्ये अशा मुलांचा एक जथा ट्रकमधून अश्गाबाद, मशहद, झाहेदान असा इराण ओलांडून क्वेट्ट्यात आला आणि तिथून रेल्वेने मुंबईत. काही महिने ही मुलं आपल्या बांद्र्यात राहिली. मग जामनगरजवळ बालाचडीला समुद्रकाठी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांच्यासाठी छावणी उभारली. मुलांना त्यांनी सांगितलं की मला तुमचा बापू समजा.

नवानगर हे काही बलाढ्य साम्राज्य नव्हतं, एक संस्थान होतं. महायुद्ध चालू होतं. देश पारतंत्र्यात होता. ती मुलं आपल्या धर्माची नव्हती, आपल्या भाषेची नव्हती, त्यांच्या देशाचं नावही इथे फार कोणी ऐकलं नव्हतं. तरी दार उघडलं.  आसरा दिला.

इथे तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल: "आधी आपली मुलं बघा ना." हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. मी पालघर जिल्ह्यात राहतो. जव्हार-मोखाड्यात १९९० च्या दशकापासून कुपोषणाने मुलं गेली आहेत, आणि तो विषय आजही संपलेला नाही. पण १९४५ हे एकच वर्ष घ्या. कोल्हापूरजवळ पोलिश मुलांच्या शाळा भरत होत्या. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांपर्यंत गेलं, आणि तिथल्या कामातूनच "अंगणवाडी" हा शब्द देशाला मिळाला. एकाच्या दुधामुळे दुसऱ्याचं दूध तुटलं असं झालं नाही. खरं सांगू? "आधी आपली" म्हणणारे आपण बहुतेक वेळा आपल्यांसाठीही काही करत नसतो. त्या शुक्रवारी मी "कोणीतरी बघेल" म्हणून पुढे गेलो, तेव्हा मी कुठल्या वारली मुलाकडे धावत नव्हतो. बाईककडे धावत होतो.

दुसरा नियम: जसं दिलं तसं ठेवायचं

आमच्या वाडीला लागून एका इराणी काकांची वाडी आहे. डहाणू-घोलवडला इराणी झोराष्ट्रियन घरं बरीच. त्यांचे आजोबा यझ्दहून आले. बोर्डीजवळ बाहरोटची लेणी आहेत. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, तिथे डोंगरात लपवून बारा वर्षं सांभाळला असं ते मानतात. तोच अग्नी पुढे फिरत फिरत १७४२ मध्ये उदवाड्याला आला.

दुधात साखरेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. राजाने दुधाने काठोकाठ भरलेलं भांडं पाठवलं, म्हणजे इथे जागा नाही. पारशांनी त्यात साखर घातली, म्हणजे सांडणार नाही, गोड करू. ही लोककथा मला फार आवडायची. या अध्यायावर काकांशी बोलताना मी तीच सांगितली, की आलेल्याने असं विरघळून जावं.

काका हसले. म्हणाले, "दीकरा, साखर विरघळली, बरोबर. भाषा घेतली, साडी घेतली. पण आतश विझवा असं कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं असतं, तर आम्ही होडीत परत बसलो असतो."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मोठा माणूस काय विरघळवायचं आणि काय राखायचं हे ठरवू शकतो. अकरा वर्षांचा मुलगा कसं ठरवणार? त्याच्याकडे लपवायला बाहरोटचा डोंगर नसतो. त्याचा अग्नी आपणच राखायचा असतो.

वळिवड्यात हे झालं. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ मध्ये पोलिश निर्वासितांची मोठी छावणी उभी राहिली. पाच हजारांच्या आसपास माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तिथली मुलंही इथे आली. छावणीत त्यांचं चर्च होतं, पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, स्काउट पथकं होती, नाटकं होत होती. मुलं पंचगंगेच्या काठी हुंदडत होती आणि पोलंडचा इतिहास पोलिशमध्ये शिकत होती. त्यांना "आपल्यासारखं" करायची कोल्हापूरने घाई केली नाही. १९४८ पर्यंत छावणी चालली. त्याच जागी मग फाळणीत घर सुटलेली सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर, जिथे कोल्हापूरकर कापडखरेदीला जातात. एकाच जमिनीने दोन ठेवी सांभाळल्या.

आणि म्हणूनच ती मुलं कोल्हापूरला विसरली नाहीत. म्हातारी होऊन परत आली, महावीर उद्यानात स्मारक उभं राहिलं. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, वळिवडे-कोल्हापूर छावणीचंही स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

स्वतंत्र भारतातही असं घडलं. १९६० मध्ये धरमशालेत रस्त्याच्या कामावरच्या छावण्यांतून ५१ तिबेटी मुलं आली. तिथून तिबेटी बालग्राम सुरू झालं. पुढे कितीतरी आईबापांनी आपली मुलं एकटीच हिमालय ओलांडून पाठवली, कारण तिथे ती तिबेटी म्हणून वाढतील याची खात्री होती.

उलटही घडतं, आणि ते वाईट माणसांकडूनच होतं असं नाही. १९३८-३९ मध्ये ब्रिटनने नाझी राजवटीतून सुमारे दहा हजार मुलांना आसरा दिला, बहुतेक ज्यू. फार मोठं पुण्यकर्म. पण आईबापांना येऊ दिलं नाही, आणि त्यांतल्या कितीतरींनी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. काही मुलं चांगल्या, प्रेमळ घरांत वाढली आणि आपली भाषा, आपली प्रार्थना विसरून गेली. जीव वाचला, अग्नी विझला. त्याच देशात आजच्या काळात दुसरंच झालं. एकट्या आलेल्या मुलांना हॉटेलांत ठेवलं, आणि २०२३ च्या जानेवारीत मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की त्यांतली दोनशेच्या आसपास मुलं बेपत्ता आहेत. खोली दिली, जेवण दिलं, पण ठेव कोणाच्या हातात आहे हेच ठरवलं नव्हतं. घेतलं म्हणजे सांभाळलं असं होत नाही.

आणि आता "राजू". त्या मुलाजवळ काय होतं? दोन वेगळ्या चपला, एक पिशवी, आणि आईने ठेवलेलं नाव. तिन्हींत मौल्यवान ते तिसरं. ते मी एका मानेच्या झटक्यात घालवलं. यात नुसती भावनेची गोष्ट नाही. विचार करा, कुठेतरी कोणीतरी बाप एखाद्या पोलीस ठाण्यात त्याचं नाव सांगत असेल. इकडे नोंद राजूची. ही दोन टोकं जुळणार कशी? नाव म्हणजे घरी जायचा रस्ता. तो मी पुसायला हातभार लावला, आणि ज्या रात्री हे केलं त्या रात्री मला छान झोप लागली.

तिसरा नियम: योग्य हातात परत द्यायचं

इथे दोन चुका होऊ शकतात.

एक, परत द्यायचंच नाही. "आमच्याकडे किती सुखात आहे, कशाला पाठवायचं?" प्रेमातून येणारी चूक आहे ही. भक्तांकडून जास्त होते. रस्त्यात सापडलेलं मूल देवाने आपल्यालाच दिलं असं वाटतं आणि लोक थेट घरी नेतात. मंडळी, कृपा करून असं करू नका. आपल्याकडे २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. असं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत ते बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. हे लाल फितीसाठी नाही. मुलाचा शोध घेणाऱ्याला ते सापडावं यासाठी आहे. त्याच कायद्यात म्हटलंय की निर्णय मुलाच्या हिताचा हवा, मुलाचं म्हणणं ऐकायला हवं, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा.

दुसरी चूक उलटी: कोणीही मागितलं की देऊन टाकायचं. "तुमच्या देशाचं मूल आहे, घ्या." ही थंडपणाची चूक. महायुद्ध संपलं तेव्हा पोलंडमध्ये सोव्हिएत वर्चस्वाखालचं सरकार आलं आणि मुलं परत पाठवा म्हणू लागलं. ज्या सत्तेने घरं उद्ध्वस्त केली तिच्याच छायेत मुलं परत द्यायची? तेव्हा जामसाहेबांनी, छावणीप्रमुख फादर प्लुटा आणि एका ब्रिटिश अधिकाऱ्यासह, मुलांना कायदेशीर दत्तक घेतलं. आपलं घराणं वाढवायला नव्हे. मुलांना त्यांच्या मर्जीविरुद्ध कोणी नेऊ नये म्हणून. मग ज्यांचे नातेवाईक सापडले ती मुलं त्यांच्याकडे गेली, काही पोलंडला, काही इंग्लंड-अमेरिकेत. बापू बालाचडीतच राहिला.

आता नंदबाबांची रिकामी बैलगाडी समजते. त्यांनी कृष्णाला आपलाच समजून वाढवलं होतं. तरी कंस जिवंत असताना सांभाळलं, आणि कंस गेल्यावर सोडलं. आधी सोडलं असतं तर तो घात ठरला असता, नंतर अडवलं असतं तर ती मालकी ठरली असती. कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे मुलाकडे बघून ठरतं, आपल्या मनाकडे बघून नाही. म्हणून ते "खरे बाप".

देश म्हणून आपलं काय? १९५१ च्या निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही. पण बालहक्क करारात आपण १९९२ मध्ये सामील झालो, आणि त्याच्या बाविसाव्या कलमात स्पष्ट आहे: निर्वासित मूल, आईबापाबरोबर असो वा एकटं, त्याला संरक्षण द्यायचं, त्याचं कुटुंब शोधायला मदत करायची, आणि कुटुंब सापडलं नाही तर घर गमावलेल्या इतर कुठल्याही मुलाइतकंच संरक्षण द्यायचं. घेणं, सांभाळणं, योग्य हातात देणं. ठेवीचेच नियम. आपण शब्द दिलाय. दिलेला शब्द पाळणं हा आपल्याकडे धर्म आहे, हे रामकथा ऐकत वाढलेल्यांना मी वेगळं सांगायला नको.

माझ्या स्टेशनवरचा मुलगा परदेशातून आला होता असं मी म्हणत नाही. बहुधा दुसऱ्या राज्यातला असेल. पण ज्या गावात आपली भाषा कोणालाच कळत नाही, ते गाव दहा वर्षांच्या पोरासाठी परदेशच.

हा अध्याय वाचून झाल्यावर मी एक छोटं काम केलं. खूप उशिरा केलं, दोन महिन्यांनी. बाल कल्याण समितीच्या नावाने एक पत्र लिहिलं. तारीख, वेळ, गाडी, आणि त्याने सांगितलेलं नाव मला जसं ऐकू आलं होतं तसं, देवनागरीत, तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून. त्याच्या भाषेतले लक्षात राहिलेले दोन शब्द. आणि खाली एक ओळ: "राजू हे त्याचं नाव नाही. ते लिहिण्याला मी संमती दिली होती, ती चूक होती."

तो आता कुठे आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगायचं नसतंच. मुलाची माहिती गुप्त ठेवतात, आणि ते बरोबर आहे. पत्राची पोच आली. एवढंच. ते तीन अक्षरी नाव कोणाच्या कामी आलं की नाही, मला कधीच कळणार नाही.

कृष्णाने मात्र नंदबाबांना तसंच सोडलं नाही. पुढच्याच अध्यायात तो उद्धवाला गोकुळात पाठवतो, आईबाबांची विचारपूस करायला. गेलेलं मूल मागे वळून बघतं की नाही ते त्याच्यावर. आपलं काम, वळून बघावंसं वाटेल असं घर होणं.

आजचा संकल्प: फोनमध्ये १०९८ सेव्ह करा. आत्ताच. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा नंबर आहे, पैसे लागत नाहीत. कुठल्या प्लॅटफॉर्मवर एकटं मूल दिसलं तर मदत येईपर्यंत तिथून हलू नका. चारचौघांत, उजेडात बसा, म्हणजे त्यालाही भीती नाही, तुम्हालाही नाही. आणि त्याचं नाव विचारा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. पुन्हा विचारा. चुकीचं का होईना, पण त्याच्या तोंडून आलेलं तेच लिहा.

आजची प्रार्थना: पांडुरंगा, ज्या लेकरांची नावं आज रात्री कोणालाच नीट ऐकू येत नाहीत, त्यांची तुला तरी ठाऊक असू देत. आणि त्यांतलं एखादं माझ्या वाटेवर ठेवलंस, तर या वेळी मला बाईककडे जाऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.